साडेपाच मिळवा

दापोड्याच्या त्या गोडाऊनमध्ये एका वेळी एवढी माणसं कधी उभी राहिली नव्हती. तिथं राहायचा तो माल. त्या मंगळवारी मात्र ट्रक बाहेर रस्त्यावर थांबवले होते, खोक्यांच्या थप्प्या भिंतीकडे सरकवल्या होत्या, आणि मोकळ्या केलेल्या जागेत दिघाशीच्या, कोनच्या बायाबापड्या, लूमवरची शिफ्ट सोडून आलेले कामगार, हमाल, ड्रायव्हर असे पाच-सहाशे जण घामानं निथळत उभे होते. मालाखाली घालतात ते लाकडी पॅलेट रचून स्टेज केलं होतं. त्यावर सतरंजी, सतरंजीवर गादी आणि गादीवर दौलत महाराज. मागे, जिथं आठ दिवसांपूर्वीपर्यंत चार नंबरचा लोखंडी रॅक होता, तिथं झेंडूच्या माळा घातलेला सागरचा फोटो होता. सागर याच गोडाऊनमधला लोडर, दिघाशीचा, सव्वीस वर्षांचा. तोच रॅक त्याच्या अंगावर कोसळला होता.

"लावा!" महाराजांनी बोट वर केलं.

स्पीकर खरखरला आणि मेलेल्या माणसाचा आवाज गोडाऊनभर पसरला.

"स्कॅनर सात. सागर बोलतोय. चार नंबरचा रॅक झुकलाय. खाली कोणी येऊ नका. मी हितंच उभा हाय. कोणीतरी लवकर या."

पुढच्या रांगेत सागरची आई, गुणाबाई, पदर तोंडात कोंबून हुंदके द्यायला लागली. तिच्या शेजारी सागरची बायको भावना बसली होती. ती रडत नव्हती. ती स्पीकरकडे एकटक बघत होती.

"सागर गेला किती वाजता?" महाराजांनी विचारलं.

"अकरा पाच!" लोक ओरडले. चार दिवसांत सगळ्यांचं पाठ झालं होतं.

"पंचनाम्यात काय लिहिलंय?"

"अकरा पाच!"

"आणि हा आवाज कॉम्प्युटरवर आला किती वाजता?" महाराज थांबले. कुठं थांबायचं ते या माणसाला बरोबर कळायचं. "ते मी नाही सांगणार. मी अडाणी. आकडा शिकलेल्या माणसानं सांगावा. हरीभाऊ, या वर!"

हरीभाऊ म्हणजे या गोडाऊनच्या ऑफिसातला क्लार्क हरी. वय चोपन्न, घर भिवंडी शहरात, तीन पिढ्या कारकुनीत गेलेल्या. तो मान खाली घालून स्टेजवर चढला. पडद्यावर फाइलींची यादी मोठी करून दाखवली होती.

"काय लिहिलंय इथं?"

"सहा वाजून दहा मिनिटं, चोवीस सेकंद."

"हे कुठलं घड्याळ?"

"लंडनचं."

"आपल्या वेळेत आणायला काय करायचं?"

"साडेपाच मिळवायचे."

"मग मिळवा की! देवाच्या दारात लाज कसली?"

"अकरा चाळीस," हरी खालच्या सतरंजीला म्हणाला.

गर्दीतून श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे बाप रे, मरने के आधे घंटे बाद बोला!" बायांनी फोटोला हात जोडले.

"अकरा चाळीसला सागरचा देह कुठं होता? सरकारी दवाखान्यात, चादरीखाली! आणि स्कॅनर? रॅकखाली चिरडून त्याची चपाती झालेली! मग बोललं कोण?" महाराज आता तापले होते. "ऐका, माऊल्यांनो. देह म्हणजे हार्डवेअर, आत्मा म्हणजे सॉफ्टवेअर. हार्डवेअर चिरडलं, सॉफ्टवेअर चालूच! आणि सेकंद बघा. दोन, सोळा, चोवीस, चाळीस. यादीत एक तरी विषम आकडा आहे का? नाही! आत्मा एकट्यानं चालत नाही, जोडीनं चालतो. एक तो, एक देव!"

लोकांनी माना डोलावल्या. सेकंदांचे आकडे खरंच सगळे सम होते.

"आता तो काय म्हणतोय ते नीट ऐका. 'मी हितंच उभा हाय.' कोण उभा आहे? रखवालदार! खाली येऊ नका म्हणतोय, म्हणजे सोबत्यांना सांभाळतोय. आणि शेवटी म्हणतोय 'लवकर या'. कुठं या? दर्शनाला या! इथं त्याचं ठाणं होणार. पण," इथं महाराजांचा आवाज मऊ झाला, "पोलिसांत तक्रार लटकलेली असली की आत्मा लटकतो. शनिवारी तेरावा. त्या दिवशी सूनबाई या फोटोसमोर कागदावर सही करेल. कोणाची चूक नाही, कोणावर राग नाही. की पोर मोकळं!"

मॅनेजर मनोज स्टेजच्या कडेला हात जोडून उभा होता. कागद त्यानंच टाइप करून घेतला होता. पॅलेट त्याचे, स्पीकर त्याचा, आणि महाराजांना आणायला गेलेली गाडीही त्याचीच.

"सही कर गो," गुणाबाई सुनेच्या दंडाला धरून म्हणाली. "नवरा अडकलाय तुझा. तुला काय हाय का न्हाय?"

तक्रार भावनानंच केली होती, रॅकचे बोल्ट महिनाभर ढिले होते म्हणून. सागर घरी रोज तेच सांगायचा. आता सारं दिघाशी तिला नवऱ्याच्या आत्म्याची वैरीण म्हणत होतं.

हरी स्टेजवरून उतरला आणि कोणाशी न बोलता बाहेर पडला. तुम्ही म्हणाल, बावळट असेल बिचारा. अजिबात नाही. याच हरीनं कोनच्या बाजारात नारळातून कुंकू काढणाऱ्याला भर गर्दीत विचारलं होतं, "भोक कुठं पाडलंस ते दाखव." ऑफिसातल्या टेबलावर त्यानं लिंबू-मिरची कधी लटकू दिली नाही. सगळ्या बुवांना जन्मभर हसला आणि या एका चमत्कारापुढं मात्र त्यानं मुकाट मान तुकवली होती. का तुकवली, ते त्याचं त्याला ठाऊक होतं. म्हणूनच तो कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

झालं होतं ते असं. गोडाऊनचा माल लंडनच्या एका कंपनीचा. ऑफिसातले कॉम्प्युटरही त्यांच्याच घड्याळावर चालायचे, कारण तिकडच्या साहेबांना मिळवणी-वजाबाकीचा कंटाळा. म्हणून इकडच्यांनी मिळवायचं. हरीच्या मॉनिटरवर खाकी पॅकिंग टेपचा तुकडा चिकटवलेला होता आणि त्यावर मार्करनं लिहिलं होतं : साडेपाच मिळवा. आत फ्लोअरवर प्रत्येक लोडरच्या हातात स्कॅनर. काही अडचण आली की बटण दाबायचं आणि बोलायचं. बोललेलं हरीच्या कॉम्प्युटरवर फाइल होऊन पडायचं आणि कोपऱ्यात एक पिवळा ठिपका लुकलुकायला लागायचा. संध्याकाळी हरी दिवसभराच्या फाइली झिप करायचा, म्हणजे एका गाठोड्यात बांधायचा, लंडनला पाठवायचा, आणि नियमाप्रमाणे मूळ फाइली खोडून टाकायचा.

ठिपका लुकलुकला की फाइल उघडून ऐकायची, हेही हरीचंच काम. पण दिवसाला शंभर ठिपके. शौचालयात पाणी नाही, पंखा बंद आहे, चहा आला नाही. कोण ऐकणार? आणि त्या सोमवारी तर मार्च एंड. स्टॉकचे रिपोर्ट दुपारच्या आत हवेत म्हणून मनोज डोक्यावर उभा. सकाळी पिवळा ठिपका लुकलुकला हे हरीला आठवत होतं. किती वाजता, ते आठवत नव्हतं. अकरा पाचला रॅक पडल्याचा आवाज आला आणि मग कोणालाच काही आठवत नव्हतं. संध्याकाळी हात आपोआप चालावे तसे त्याचे चालले. झिप केलं, पाठवलं, खोडलं.

चार दिवसांनी पोलिसांनी फाइली मागितल्या तेव्हा मनोजनं हरीला झिप उघडायला लावलं. सागरचा आवाज ऐकून दोघेही खुर्चीत गारठले. हरीनं वेळ बघितली, टेपकडे बघितलं, मिळवलं, आणि त्याच्या छातीवरचा दगड उतरला.

"अकरा चाळीस," तो म्हणाला होता. "मनोज, ही फाइल तो गेल्यानंतरची आहे हो!"

चमत्काराचं पहिलं वाक्य हे असं एका नास्तिक माणसाच्या तोंडून निघालं. मेल्यानंतरची फाइल म्हणजे आधी आलीच नव्हती. आधी आली नव्हती म्हणजे ऐकायची राहिली नव्हती. मनोज त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हरीभाऊ, हे भारी आहे. कोणाला बोलू नका, मी बघतो." दुसऱ्या दिवशी दौलत महाराज हजर.

त्या मंगळवारी संध्याकाळी हरी घरी आला तेव्हा त्याची मुलगी अपूर्वा वह्या तपासत बसली होती. ती भिवंडीतल्याच एका शाळेत गणित शिकवते.

"आप्पा, आमच्या शिपायानं विचारलं, मॅडम, तुमचे वडील भूत मोजतात का? मी काय सांगू?"

"सांग, मोजतात."

"चेष्टा नाही करत मी. दाखवा मला ती फाइल."

"तुला काय कळतं त्यातलं?" हरी एकदम ओरडला. असा तो कधी ओरडत नसे. मग त्यालाच वाईट वाटलं आणि त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

अपूर्वानं झिप उघडलं. सागरच्या फाइलीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. ती यादीच्या डोक्याशी गेली.

"ही पहिली फाइल कसली? साडेचारची?"

"ती सकाळची टेस्ट. शिफ्ट सुरू झाली की प्रत्येक लोडर स्कॅनरवर बोलतो, अमुक नंबर, नऊ वाजले, चालू. बरोबर नऊला. नऊनंतर टेस्ट आली तर अर्धी हजेरी मांडतात. त्यामुळे पोरं एक मिनिट इकडचं तिकडं होऊ देत नाहीत."

"बरोबर नऊला?"

"सहा वर्षं बघतोय मी."

"मग मिळवा, आप्पा."

"काय मिळवा?"

"साडेचारमध्ये साडेपाच मिळवा."

हरीनं मनात मिळवलं. दहा. नऊची टेस्ट दहाला. सगळ्या स्कॅनरची, एकजात. अपूर्वानं शनिवारचं झिप उघडलं. तिथं टेस्ट साडेतीनला होती. साडेतीन आणि साडेपाच, नऊ. बरोबर.

"शनिवारी बरोबर, सोमवारी एक तास चुकीचं," ती म्हणाली. "मधे रविवार आला. मार्चचा शेवटचा रविवार. तिकडे काय करतात त्या दिवशी?"

हरीला माहीत होतं. त्याच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? उन्हाळ्यात तिकडे उजेड लवकर होतो म्हणून ते लोक त्या रविवारी घड्याळ एक तास पुढं सारतात आणि ऑक्टोबरात मागं घेतात. गोडाऊनमधली पोरं म्हणायची, गोऱ्यांनी काटा फिरवला. कॉम्प्युटर आपलं आपण बदलायचा. बदलायचा नाही तो फक्त मॉनिटरवरचा टेपचा तुकडा. तो सहा वर्षं हरी स्वतः त्या सोमवारी सकाळी बदलायचा. साडेपाच काढायचा आणि साडेचार लावायचा. या वर्षी मार्च एंडच्या धांदलीत राहून गेलं.

"पण कॉम्प्युटरला कळत नाही का हे सगळं?" तो क्षीण आवाजात म्हणाला.

"मूळ फाइल असती तर कळलं असतं. तिच्या आत सगळ्या जगाला चालेल अशी एकच वेळ असते, कॉम्प्युटर तीवरून हिशेब करतो. तुमचं ते झिप जुन्या पद्धतीचं आहे. त्यात बांधताना भिंतीवरच्या घड्याळात दिसतात ते आकडे तेवढे उतरतात. पत्रावर वेळ लिहिली आणि गाव लिहिलंच नाही, तसं. सहा दहा. कुठले सहा दहा, उन्हाळ्याचे की हिवाळ्याचे, ते त्यात नाहीच. आणि मूळ तुम्ही खोडलंत."

"आणि ते सम सेकंद?"

"झिप सेकंद दोन-दोननं मोजतं. जागा वाचवायला. जगातलं असलं कुठलंही झिप उघडा, विषम सेकंद मिळणार नाही. कसला आत्मा आणि कसली जोडी!"

हरी पडद्याकडे वळला. सहा दहा आणि साडेचार. बोटांवर मोजायची गरज नव्हती.

"दहा चाळीस," अपूर्वा हळूच म्हणाली. "आप्पा, तो जिवंत होता. पंचवीस मिनिटं जिवंत होता."

"आणि मी तिथंच बसलो होतो," हरी म्हणाला. "ठिपका लुकलुकत होता, अपू. मी वर बघितलं, पंखा नाहीतर चहा असेल म्हटलं, आणि पुन्हा रिपोर्टमध्ये डोकं घातलं." मग तो लहान मुलासारखा रडला. अपूर्वानं त्याला थांबवलं नाही. तिला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्हीपैकी काय आधी दाखवावं ते तिला कळेना.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "तो 'लवकर या' म्हणत होता ते मला म्हणत होता."

शनिवारी गर्दी दुप्पट झाली. फोटोसमोर कागद, कागदावर पेन, पेनाला फुलं. महाराजांनी भगवी शाल पांघरली होती. हरी अपूर्वाला घेऊन आला तेव्हा महाराज खूष झाले.

"या, हरीभाऊ! शेवटचं मिळवा. मग सूनबाई सही करेल."

"आज आधी दुसरी फाइल लावा," हरी म्हणाला. "सगळ्यात पहिली. तीसुद्धा सागरचीच आहे."

मनोज पुढं सरकला, पण गुणाबाईच मधे बोलली. "लावा की! माझ्या पोराचा अजून आवाज हाय आन तुम्ही लपवून ठेवता व्हय?"

मग काय करतात? लावली. "स्कॅनर सात. नऊ वाजले. चालू." सागरचा झोपाळलेला, रोजचा आवाज होता. गुणाबाईनं डोळे मिटले.

"काय म्हणाला?" हरीनं लोकांना विचारलं.

"नऊ वाजले!"

"पडद्यावर काय आहे?"

"साडेचार!"

"मिळवा साडेपाच."

गर्दीत बोटं हलली. मग कोणीतरी म्हणालं, "दस? दस कैसे? वो तो नौ बोला." एक म्हातारी म्हणाली, "मेल्यावर पोरगा खोटं बोलंल का?"

"तो खोटं बोललेला नाही. आपण चुकीचं मिळवतोय. मी चुकीचं मिळवलं." हरीनं मग सगळं सांगितलं. रविवार, गोऱ्यांचं घड्याळ, बदलायचा राहिलेला टेपचा तुकडा, गाव न लिहिलेली वेळ. लोडर पोरांना ते पटकन कळलं, कारण काटा फिरल्याचं त्यांना ठाऊक होतं. बाकीच्यांना त्यांनीच कुजबुजत समजावलं.

"काळ!" महाराज गरजले. "आत्म्याचा काळ आणि आपला काळ वेगळा असतो, बाळांनो! आत्मा नऊला दहा म्हणेल, दहाला नऊ!"

"मग सगळ्या स्कॅनरचे आत्मे नऊला दहा म्हणतात का?" अपूर्वानं विचारलं. "बाकीचे बावीस लोडर तर इथंच उभे आहेत, धडधाकट. त्यांच्याही टेस्ट साडेचारलाच आहेत." पोरं हसली. हसू लगेच विरलं. मग ती मनोजकडे वळली. "साहेब, लंडनचा रोजचा कॉल तुम्हाला किती वाजता येतो?"

"अडीचला."

"झूठ!" गोडाऊनच्या चहावाल्यानं मागून आवाज टाकला. "अडीच थंडीत! दो हफ्ते से डेढ बजे आता है. साब का खाना उसके बाद होता है अब."

मनोजच्या कॉलचं आणि जेवणाचं घड्याळ त्या सोमवारीच सरकलं होतं. अकरा चाळीस म्हणताना हरी चुकला होता. ऐकताना मनोज चुकला नव्हता. हे ज्यांना कळलं त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि खाली बघितलं, कारण नोकरी सगळ्यांनाच हवी असते.

तेवढ्यात भावना उभी राहिली.

"हरीभाऊ, येक सांगा. मग त्यो किती वाजता बोलला?"

"दहा चाळीस."

"तवा जिता व्हता?"

"हो."

"आन अकरा पाचपातूर तिथंच उभा व्हता? कुणी येईल म्हणून?"

रॅक कोसळला तेव्हा सागर त्याच्या खाली का होता, हे कोडं पोलिसांनाही सुटलं नव्हतं. त्याला तिथं काम नव्हतं. 'खाली कोणी येऊ नका' म्हणून वाट अडवून तो पोरगा पंचवीस मिनिटं उभा होता.

"हो," हरी शेवटी म्हणाला.

"मग ऐकलं कुणी न्हाय?"

"माझ्या पुढ्यात आलं होतं. मी उघडलं नाही."

बाहेर एका ट्रकचा हॉर्न वाजला तो सगळ्यांना नको तितका मोठा वाटला. हरीला वाटलं, आता कोणीतरी मारावं. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण मारलं नाही कोणी. गुणाबाई मात्र उठली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मेल्यावर तरी माझ्याशी बोलतंय म्हणून मी रोज यायची," ती म्हणाली. "त्याच्या हितं ऱ्हाण्यावर जगत व्हती मी. तुम्ही त्याला जिता असताना ऐकला न्हाय, आन आता मेलेला बी माझ्याकडून काढून घेतला. काय मिळवलं तुम्ही, हरीभाऊ?"

ती फोटोकडे वळली.

भावनानं पेनावरची फुलं काढून टाकली. कागद उचलला, उलटा केला आणि हरीपुढं धरला.

"याच्या पाठीवर लिवा. दहा चाळीस. बोल्ट ढिले व्हते, त्यानं सांगितलं व्हतं, आन कुणी ऐकलं न्हाय. तुमचं नाव बी लिवा."

हरीनं लिहिलं. अक्षर कारकुनाचं, स्वच्छ. खाली सही केली आणि तारीख, वेळ घातली. वेळेपुढं कंसात लिहिलं, भारताची. मनोज कानाशी येऊन म्हणाला, "हरीभाऊ, सोमवारपासून यायची गरज नाही." हरी म्हणाला, "बरं." भावनानं कागद घडी करून पोलक्यात ठेवला आणि सासूला धरून बाहेर नेलं. सासू वळून वळून फोटोकडे बघत होती.

तुम्हाला वाटेल, लोकांनी महाराजांना हाकलून लावलं. छे! निम्म्या लोकांनी जाताना फोटोपुढचा अंगारा कपाळाला लावला, न जाणो म्हणून. महाराज मागच्या दारानं त्याच गाडीतून गेले. आता दुसऱ्या तालुक्यात त्यांच्यापुढं मेलेली बाई म्हणे व्हिडिओत हसते. भावनाची तक्रार चालू आहे. रॅकचे बोल्ट मात्र आवळले, सगळ्या रॅकचे, दुसऱ्याच दिवशी. एवढं तेराव्याच्या आधीही करता आलं असतं.

म्हणून हात जोडून सांगतो, देवाला नव्हे, तुम्हाला. पुढच्या वेळी कोणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा, हे घड्याळ कुठलं, ते लावलं कोणी, आणि मी हे मानलं तर कोणाची चूक झाकली जाते. शाळेत शिकलेली मिळवणी एवढ्यासाठीच असते. दोनदा करून बघा. कमीपणा नाही त्यात. आणि जो माणूस मेल्यावर बोलला असं तुम्हाला सांगतात, तो बहुतेक वेळा जिवंतपणीच बोललेला असतो. जरा मागं जाऊन बघा, तेव्हा तुम्ही कुठं होता.